मिरजोळे ते चंद्रा खोरं : तापत्या ड्रिलच्या नोंदी

11 जानेवारी 2024, मिरजोळे एमआयडीसी, रत्नागिरी

आज कामाला जॉब नंबर दिला, म्हणून वही उघडली. बोटींचे शाफ्ट, पंपाच्या दुरुस्त्या, आंबा कॅनिंगवाल्यांची सटरफटर कामं ही आमची रोजची भाकरी. त्यात हे एक आलंय: हिमनदीत उतरवायचं ड्रिल. गिऱ्हाईक म्हणजे मावसबहिणीची मैत्रीण. हिमनद्यांवर संशोधन करतात. वयानं माझ्यापेक्षा लहान, तरी मी ताईच म्हणतो.

हवाय तो 80 मिलिमीटर जाडीचा बर्फाचा दांडा, अखंड, एका खेपेला मीटरभर, वीसेक मीटर खोलीपर्यंत. त्याला त्या कोअर म्हणतात, आपणही तेच म्हणू. अट एकच, पण जाचक: कुठलाही सुटा भाग 20 किलोच्या वर जाता कामा नये, कारण तो माणसाच्या पाठीवरून चढणार आहे.

मी विचारलं, पातं फिरवून का कापत नाही? ताई म्हणाल्या, कडक थंड बर्फात पातंच चांगलं. पण बर्फ शून्य अंशाजवळ आला की त्याचा कीस ओला होतो आणि पात्यामागे ओल्या चवासारखा थापून बसतो. खवणीवर ओला नारळ खवलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. म्हणून वितळवून खाली जायचं. पोकळ नळी, तिच्या तळाला तांब्याची जाड कडी, कडीत हीटर. कडी आपल्या रुंदीएवढी गोल खाच वितळवत उतरते, मधला बर्फ आपोआप नळीत शिरतो. फिरणारं काहीच नाही. आमचा टर्नर ऐकून म्हणाला, "म्हणजे बंबच की, उलटा." बरोबर आहे. बंबात मध्ये जाळ आणि भोवती पाणी, इथे भोवती ऊब आणि मध्ये बर्फ.

14 जानेवारी

हिशेब. कडी बाहेरून 110, आतून 80 मिमी. तळाचं क्षेत्रफळ 44.8 चौरस सेंटिमीटर. एक मीटर उतरायला 4.1 किलो बर्फ वितळवायचा. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवायला 334 किलोज्यूल, म्हणजे मीटरमागे 1370. तासाला दोन मीटर जायचं तर 760 वॅट पुरेत, पण हे वहीतलं. निम्मी ऊब बाजूच्या बर्फात आणि वर नळीत जाते असं धरायला ताईंनी सांगितलं. म्हणून 300 वॅटचे सहा कार्ट्रिज (कांडीसारखे) हीटर, एकूण 1800. अर्धी ऊब वाया जाऊनही तासाला सव्वादोन मीटर निघायला हवेत.

4.1 किलो बर्फ म्हणजे मीटरमागे चार लिटर पाणी. ते जाणार कुठे? फोनवर विचारलं. ताई म्हणाल्या, भोकातच राहील, आपला बर्फ शून्याजवळचा आहे, चालतं. मी "चालतं" असं लिहून पुढे गेलो.

2 फेब्रुवारी

कडी तयार. तांबं लेथवर चिवट, टूलला चिकटतं, घाई केली की पृष्ठभाग फाटतो. टर्नरनं दोन वेळा टूल घासलं आणि तीन वेळा मला बाहेर जाऊन चहा घ्यायला सांगितलं. हीटरची सहा भोकं रीमरनं मारली. हीटर आणि तांबं यांच्यात हवा राहिली तर ऊब बाहेर पडत नाही, हीटर आतल्या आत जळतो.

नळी स्टेनलेसची, दुहेरी: आतली 84 मिमी आतून, बाहेरची 106 मिमी बाहेरून. मधल्या पोकळीतून वायरी. तांबं स्टेनलेसच्या पंचवीसएक पट ऊब वाहून नेतं, त्यामुळे कडी तापलेली राहते आणि वरची नळी फारशी तापत नाही. हे मला गुणाचं वाटतंय.

17 फेब्रुवारी

नवे कोरे हीटर, पण मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला तर इन्सुलेशन एक मेगओमसुद्धा दाखवेना. वाइंडिंगवाले काका हसले. आतली भुकटी मॅग्नेशियम ऑक्साइडची, ती हवेतला दमटपणा पिते, आणि आपली हवा रत्नागिरीची. त्यांच्या वार्निशच्या भट्टीत 120 अंशांवर रात्रभर ठेवले. सकाळी सगळे दोनशेच्या वर. लगेच तोंडं अराल्डाइटनं बंद केली.

9 मार्च

पहिली लादी. मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यातून दीडेकशे किलोची, गोणपाटात गुंडाळून टेंपोत. कारखान्याचे मालक विचारत होते, मासळी कुठाय? लादी उभी केली, वर तिकाटणं, त्याला हाताची विंच. ड्रिल टेकवलं, डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचं यंत्र, हळूहळू वर नेला.

आवाज नाही, धूर नाही, काही नाही. दोन मिनिटांनी कडीभोवती पाण्याची चमकती रेघ दिसली आणि ड्रिल बुडायला लागलं, चिखलात काठी जाते तसं. बारा मिनिटांत 45 सेंटिमीटर. पाणी लादीच्या तड्यातून जमिनीवर वाहून गेलं, पोरांनी झाडूनं गटारात लोटलं.

चूक एक सापडली. मी विंचची दोरी सैल सोडली होती, ड्रिलचं सगळं वजन कडीवर आलं आणि भोक तिरकं गेलं. ड्रिल ओळंब्यासारखं टांगलेलं राहिलं तरच सरळ उतरतं. दोरीला हात लावून ताण समजला पाहिजे. विहिरीवरच्या रहाटाची सवय असलेल्याला हे लवकर जमेल.

28 मार्च

शिमग्याला पोरं गावी गेलेली, आज परत आली. आयटीआयच्या पोरानं "साहेब, चेक करतो" म्हणत कडी हवेत धरून फुल व्होल्टेजवर चालू केली. पाण्यात ही कडी पन्नास अंशांच्या वर फारशी जात नाही, पण हवेत तिला थांबवणारं कुणी नाही. अराल्डाइट उकळून फेसाळलं. वास अजून शेडमध्ये आहे. दोन हीटर गेले. पोराला बोललो नाही, कारण "कोरडं चालवू नये" असा कागद मी कुठेच चिकटवला नव्हता.

आता तोंडं सिल्व्हर ब्रेझिंगनं बंद करायची.

9 एप्रिल, गुढीपाडवा

ड्रिलला हळदकुंकू. नवे हीटर बसले. बाकी सुट्टी.

16 मे

मतदानाच्या आठवड्यात काम सांडलंच. आज शेवटची मोठी चाचणी. 97 सेंटिमीटरचा कोअर 24 मिनिटांत.

कोअर तोडायचं कोडं मात्र वेगळं निघालं. खाच खाली गेली तरी दांडा तळाशी लादीला जोडलेलाच असतो. तो ओढून तोडायचा. त्यासाठी कडीच्या वर आतल्या बाजूला स्प्रिंगवरची तीन पाती असतात. उतरताना बर्फाला सरकून जागा देतात, वर ओढलं की रुततात. इंग्रजीत त्यांना कुत्री म्हणतात म्हणे. आमच्या पोरांनी वाघनखं म्हटलं. बर्फाची ओढसहनशक्ती साधारण एक मेगापास्कल, कोअरचा छेद 50 चौरस सेंटिमीटर, म्हणजे हिशेबानं 500 किलोची ओढ लागते. विंच तेवढीच. मी घाबरून होतो. पण नखांनी खाच पाडली की तडा तिथूनच सुरू होतो. ताणकाट्यावर अडीचशेच्या आसपास आकडा आला आणि 'टक्' असा सुपारी फुटल्यासारखा आवाज. तळ जवळपास सपाट तुटला.

ताई दोन दिवस आलेल्या. त्यांनी कोअरवरून बोट फिरवलं. बाहेरची कातडी वितळून गुळगुळीत झालेली, मधोमध लादीचा नेहमीचा पांढरा गढूळ पट्टा. म्हणाल्या, बाहेरचा थर खरवडून टाकायचा, नमुना आतला. वितळलेलं पाणी त्या कातडीत मुरलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

एक गोष्ट आज लिहितो, नंतर दाखवायला बरी. लादी कारखान्यातून निघते तेव्हा उणे सात-आठ असेल, आमच्या शेडमध्ये तासाभरात ती शून्यावर येऊन घाम गाळायला लागते. म्हणजे आजवरच्या सगळ्या चाचण्या शून्याच्या बर्फातल्या. ताईंना विचारलं. त्यांनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "वरचे काही मीटर थंड असतील. बघू."

26 मे

मंगला एक्सप्रेसनं निघालो. पाच पेट्या. जनरेटर वर कुल्लूहून भाड्यानं घ्यायचा ठरलाय. म्हणजे ड्रिल आणि जनरेटरची गाठ थेट डोंगरावरच पडणार. मला हे पटलेलं नाही, पण भाड्यात मोठा फरक होता.

3 जून, छतड़ू

मनालीत चार दिवस काढले, त्यात एक दिवस तिकडच्या मतदानाचा. अटल बोगद्यातून पलीकडे आलं की झाडं संपतात. ग्राम्फूपासून रस्ता म्हणजे नदीनं सोडलेली जागा. छतड़ू हिमाचलातल्या चंद्रा नदीच्या खोऱ्यात, साधारण 3300 मीटरवर. डोकं ठणकतंय. बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावलं की आकडा 86. ताई म्हणाल्या, ठीक आहे, उद्या काहीच करायचं नाही.

पलीकडच्या बाजूला छोटा शिग्री. नऊएक किलोमीटरची हिमनदी, तिचं वस्तुमान 2002 पासून दरवर्षी मोजलं जातंय. बांबू रोवायचे, वर्षानं किती उघडे पडले ते बघायचं. ते बांबू रोवायलाही गरम ड्रिलच वापरतात, वाफेचं. शिग्री म्हणजे तिकडच्या बोलीत हिमनदीच. आमची हिमनदी याच खोऱ्यातली, दुसरी. निकाल ताईंच्या हाती येईपर्यंत नाव लिहायचं नाही असं ठरलंय.

9 जून, तळाचा तंबू

सामान वर चढतंय. भारवाहक नेपाळचे, सगळ्यांना सगळे दाजुच (थोरला भाऊ) म्हणतात. तांब्याची कडी ज्याच्या पाठीवर आहे तो विचारत होता, हे मंदिराचं आहे का.

रात्री तंबूत ताईंनी गरम ड्रिलचा वंश सांगितला. ग्रीनलंडच्या कॅम्प सेंच्युरीत अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेनं 1960च्या दशकात विजेनं तापणारं ड्रिल चालवलं. पाचशे मीटरच्या थोडं पुढे जाऊन ते सोडलं आणि पातं फिरवणाऱ्या ड्रिलनं 1966 मध्ये 1387 मीटरवर तळ गाठला. अंटार्क्टिकात व्होस्तोकला सोव्हिएत लोकांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला कोरड्या भोकात साडेनऊशे मीटरपर्यंत गरम ड्रिलच नेलं. तिथला बर्फ वरच्या बाजूला उणे पन्नासच्याही खाली. मी विचारलं, मग पाणी गोठत नव्हतं? म्हणाल्या, त्यांचं ड्रिल वितळलेलं पाणी लगेच शोषून नळीतल्या टाकीत घेत होतं, कोअरबरोबर वर आणत होतं. पुढे कुणी भोकात अल्कोहोल सोडायला लागले, म्हणजे पाणी गोठतच नाही.

मी जानेवारीतलं पान उघडून "चालतं" हा शब्द बघितला.

मला सगळ्यात आवडली ती पेरूची गोष्ट. केल्काया नावाची बर्फाची टोपी, 5670 मीटर उंच. हेलिकॉप्टरनं अवजड ड्रिल वर नेणं साधलं नाही, म्हणून लॉनी थॉम्पसन या अमेरिकन संशोधकाच्या चमूनं 1983 मध्ये सौर पटलं लावून गरम ड्रिल चालवलं. ड्रिलची बाजू ब्रूस कोची या इंजिनिअरची. दोन भोकं, दोन्ही तळापर्यंत, खोल भोक 163.6 मीटर. एवढा बर्फ गोठलेला खाली आणायची सोय नव्हती, म्हणून तिथेच कापून वितळवून बाटल्यांत भरला. आमचीही सोय तेवढीच आहे.

12 जून, वरचा तंबू, साधारण 4900 मीटर

आधी हिवाळ्याचं बर्फ खणून काढलं, माणूस उभा राहील एवढा खड्डा. त्याच्या तळाला निळसर कडक बर्फ लागला. तिकाटणं उभं केलं.

जनरेटरवर 3 केव्हीए लिहिलंय. इथे हवा समुद्रकाठच्या निम्म्याहून जेमतेम जास्त. इंजिनाची ताकद दर हजार मीटरला दहाएक टक्के घसरते, आणि वर हवा कमी, पेट्रोल तेवढंच, म्हणून काळा धूर. 1800 वॅट मागितले की गुरगुरून बंद पडतो. डिमरस्टॅटवर 1200 पर्यंत आणलं तर चालतो.

पहिला कोअर 71 सेंटिमीटर. नळी आडवी करून ढकलला तेव्हा सगळे गप्प होते. कारखान्याच्या लादीसारखा मुळीच नाही. काही थर दुधाळ, बारीक बुडबुड्यांनी भरलेले, काही थर काचेसारखे स्वच्छ. ते उन्हाळ्यात वितळून पुन्हा गोठलेले. मध्ये एक पेन्सिलीच्या रेघेएवढा तपकिरी थर. ताई त्यावर वाकून म्हणाल्या, धूळ. मग खिशातून पट्टी काढून कोअरला लावली आणि दहा मिनिटं कुणाशी बोलल्या नाहीत. कोअर ट्रेमध्ये पडल्यापडल्या टिक् टिक् वाजत होता. थंड बर्फाला अचानक ऊब लागली की बारीक तडे जातात.

संध्याकाळपर्यंत 4.2 मीटर. तापमान मोजायचा थर्मिस्टर सोडला: तीन मीटरवर उणे पाच. सकाळच्या खेपेतलं पाणी तळाला शाळेच्या कंपासपेटीएवढ्या जाडीचं गोठून बसलेलं. ते पुन्हा वितळवत खाली जायला पाऊण तास गेला.

13 जून

आजची चूक माझी, म्हणून सविस्तर.

ड्रिल 6.4 मीटरवर, खेप अर्धी झालेली. स्वयंपाकी भाईजींनी खिचडी झाल्याची हाक मारली. मी पोराला, म्हणजे इथल्या सोबत्याला, सांगितलं की तास झाल्यावर पेट्रोल भर. खाली टाकी भरली की अडीच तास चालतो. इथे मिश्रण जाड असल्यानं पेट्रोल दीडपट जातं, हे मला काळ्या धुरावरून कळायला हवं होतं. 12:40 ला जनरेटर बंद. पेट्रोल ओतलं, दोरी ओढली, ओढली, ओढली. प्लग काढला तर काजळीनं बुजलेला. घासला, पुन्हा काजळी. दुसरा प्लग खालच्या तंबूत. जनरेटर सुरू झाला तेव्हा 2:55.

ड्रिल हलेना. विंच फिरवली तर तिकाटण्याचे पाय बर्फात रुतायला लागले.

ताईंनी वहीत हिशेब मांडला. उणे पाचच्या बर्फात भोकाची भिंत पाणी गोठवत आत येते ती पहिल्या तासाला जेमतेम दोन मिलिमीटर, मग हळू. नळी 106, भोक 112. फट तीन मिलिमीटर. दोन तास. आमचे सव्वादोन झाले होते.

कडी चालू केली तर तळाचं वितळतं, पण वरची मीटरभर नळी धरलेली. तिला ऊब पोचतच नाही, कारण मी स्टेनलेस निवडलं होतं.

ताईंकडे बाटल्या धुवायला पाच लिटर इथेनॉल होतं. मी विचारलं, ओतूया? त्या तिकाटण्याजवळ बसून राहिल्या. खालच्या बर्फाच्या नमुन्यात अल्कोहोल उतरलं तर तपासणीत काय काय खोटं येईल ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण हाताची बोटं मोजत होत्या. "उद्या सकाळपर्यंत नको," एवढंच म्हणाल्या.

14 जून

पहाटे चारला स्टोव्ह. बर्फ वितळवून पाणी उकळायचं. इथे पाणी 84 अंशांवरच उकळतं. नुसतं वरून ओतलं तर वाटेतच निवतं. म्हणून पाणी-लेव्हलची पारदर्शक नळी ड्रिलपर्यंत सोडली, तिच्यावर झोपायच्या मॅटचे तुकडे गुंडाळले, आणि वरच्या टोकाला नरसाळं. एकेक पातेलं. पहिली दोन पातेली गेली कुठे ते कळलंच नाही. तिसऱ्यानंतर दोरीला हात लावला तर ताणात किंचित कंप. सहाव्याला विंचचा दात एक घर पुढे गेला.

9:20 ला ड्रिल वर. आतला कोअर नळीला चिकटलेला, तो उन्हात ठेवूनच सुटला. भाईजींनी सगळं रॉकेल संपवल्याबद्दल मला काही सुनावलं नाही, नुसतं म्हणाले, "आज दाल कच्ची खाओगे?"

घरी फोन लागला खालच्या वळणावरून. पाऊस सुरू झालाय, शेडच्या पन्हळीत पानं अडकलीत.

15 जून

पाण्याचा बंदोबस्त. खाली रत्नागिरीत असतो तर दहा मिनिटांचं काम. पेटीत पंपाचा एक छोटा फूट व्हॉल्व्ह सापडला, का घेतला होता देव जाणे. दोन इंची पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याला तो खाली बसवला. भोकात सोडायचा, तळाला आपटायचा, व्हॉल्व्ह उघडतो, पाइप भरतो, ओढला की व्हॉल्व्ह बंद. जुन्या बोअरवेलवाल्यांचीच युक्ती. प्रत्येक खेपेनंतर पाणी उपसायचं, मगच पुढची खेप. आणि जेवण पाळीनं.

खेपेला वीस मिनिटं जास्त जातात. भोक मात्र कोरडं राहतं.

17 जून

नऊ मीटरच्या खाली काहीतरी बदललं. उपसा करून तासाभरानं बघितलं तरी तळाला पाणी पाणीच. थर्मिस्टर शून्य. वर उणे पाच आणि खाली शून्य! मी कोकणातला माणूस, मला खोल म्हणजे गार एवढंच माहीत. ताई म्हणाल्या, हिवाळ्याची थंडी वरून फक्त काही मीटर शिरते. त्याखाली, वितळून झिरपलेलं पाणी गोठताना सोडत असलेल्या ऊबेवर बर्फ शून्याला टेकून राहतो.

इथे हे ड्रिल घरच्यासारखं चालतं. मिरजोळ्याचाच बर्फ, फक्त जुना. कोअर टिकटिकत नाहीत, तडे नाहीत. आजच्या दिवसात साडेचार मीटर. भारवाहकातल्या एका दाजुला दोरीच्या ताणाचा अंदाज माझ्याहून चांगला. दुपारनंतर विंच त्याच्याकडेच दिली.

18 जून

18.7 मीटर. गेल्या दोन खेपांत कोअरमध्ये वाळू दिसत होती. आज कडी जागीच थांबली. दोन तास, एक सेंटिमीटरही नाही. अशा ड्रिलचं हेच दुखणं. पातं दगडाला निदान ओरखडतं, गरम कडी त्याच्यावर नुसती बसून राहते. दगड काही त्या उबेनं वितळत नाही. सहापैकी चारच हीटर चालू दिसत होते, कुठले दोन गेले ते नीट कळेना.

ताईंनी तळाला थर्मिस्टर सोडून रात्रभर ठेवायला सांगितला आणि तिकाटणं उतरवायला सांगितलं. वीस ठरले होते. त्यांना 18.7 बद्दल काही वाटलं असेल तर दिसलं नाही.

19 जून

बाटल्या. कोअर सुरीनं खरवडून बाहेरचा सेंटिमीटरभर काढायचा, करवतीनं कापायचा, पिशवीत वितळवायचा, बाटलीत भरायचा, नंबर टाकायचा. उन्हात बसून माझी नाकाची कातडी गेली. धुळीच्या थराची बाटली तेवढी उजेडाला धरली की तळाला भुरकट बसतं.

4 जुलै, मिरजोळे

वाइंडिंगवाल्या काकांनी कडी उघडली. सहापैकी दोन हीटर मेलेले, दोन्ही शेजारचे. त्या जागी तांब्यावर निळा डाग, आणि खाचेत हरभऱ्याएवढी काळी गोटी रुतलेली, अगदी बसवल्यासारखी. टर्नरनं ती काढून आगपेटीत ठेवली.

बदल ठरले. दुहेरी नळीच्या पोकळीत बाहेरच्या भिंतीला लगटून हीटिंग वायर, 400 वॅट, स्वतंत्र स्विचवर. नळीभोवती मिलिमीटरभर बर्फ वितळवायला शंभरेक किलोज्यूल लागतात, सगळी ऊब त्यातच गेली तर चार-पाच मिनिटं, आपल्या नशिबानं वीस. फूट व्हॉल्व्हचा उपसा कायम. दोन प्लग, उंचीवर पेट्रोल कमी सोडणारा कार्बुरेटरचा जेट, आणि जनरेटर इथूनच.

29 जुलै, मिरकरवाडा

या वेळी लादी शेडमध्ये आणली नाही, ड्रिलच कारखान्यात नेलं. मासेमारीबंदी 31 पर्यंत, पण हंगामासाठी मालकांनी मीठपाण्याची टाकी चालू केली होती. लादी साच्यातच, भोवती उणे आठचं मीठपाणी. मालक म्हणाले, कंप्रेसरच्या आजच्या युनिटचे पैसे तुम्ही द्यायचे.

40 सेंटिमीटर उतरवलं आणि सगळं बंद करून चहाला गेलो. मुद्दाम. तास झाला. परत येऊन विंच ओढली: घट्ट. आयटीआयचा पोरगा माझ्याकडे बघत होता. नळीच्या वायरचा स्विच दाबला आणि घड्याळ लावलं.

सोळा मिनिटांवर दोरी थरथरली. एकविसाव्या मिनिटाला ड्रिल हातानं गोल फिरलं.